आवाजाच्या सॉफ्टवेअरला हेडफोन आणि लाटांचाच लोगो कशाला?

पडघम (धागाकर्ती)
मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) ऑडिओ प्रकल्पांना मी हौसेने लोगो करून देते. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्या मंडळींचा पहिला निरोप जवळजवळ ठरलेला असतो: हेडफोन घ्या, आत वेव्हफॉर्म (आवाजाची लाटेसारखी रेघ) टाका, रंग निळा चालेल. मला वाटतं, हे दोन्ही आता सोडायला हवं.

आपण लोगो काढतो मोठ्या पडद्यावर. वापरणारा तो बघतो टास्कबारवर, नाहीतर फाइलच्या नावाशेजारी, आणि तिथे कधी कधी १६ बाय १६ ठिपक्यांचीच जागा असते. लिनक्स डेस्कटॉपच्या आयकॉन-नियमांत किमान ४८ बाय ४८ चं चित्र द्या असं सांगितलंय, तेही काही फार मोठं नाही. आता १६ ठिपक्यांत वेव्हफॉर्म बसवून बघा. एक ठिपका रेघ, एक ठिपका मोकळा, म्हणजे आठ रेघा. भोवती हेडफोनची कमान घातली की उरतात जेमतेम चार. त्याला लाट कोण म्हणेल? कंगव्याचे दात दिसतात ते.

उलट व्हीएलसी हा गाणी-व्हिडिओ वाजवणारा प्लेअर बघा. रस्त्यावरचा नारिंगी शंकू! १९९६ साली पॅरिसजवळच्या इकोल सांत्रालमधल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं. तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्या पोरांनी रस्त्यावरचे शंकू आणून जमवले होते, त्यातून हे चिन्ह आलं. गाणी-व्हिडिओशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी फोनवरून कुणाला सांगायचं झालं तर 'तो शंकूवाला प्लेअर' एवढं पुरतं. डिसेंबरअखेर त्याच शंकूवर नाताळची टोपी चढते, तरी तो ओळखू येतोच. माझी कसोटी हीच: लोगो तोंडाने सांगता आला पाहिजे.

सूरपेटी
ताई, तुमचं १६ ठिपक्यांचं गणित मान्य. निष्कर्ष मान्य नाही.

आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. गटात नव्याने आलेल्या बाईंना मी ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं. इंग्रजी नाव त्यांच्या लक्षात राहिना. 'निळा हेडफोन दिसतोय का? त्यावर दाबा' म्हटल्यावर लगेच उघडलं. म्हणजे तोंडाने सांगता येण्याच्या तुमच्याच कसोटीला हेडफोन उतरला की!

शंकूचं उदाहरण तर मला पटतच नाही. शंकू चांगला होता म्हणून व्हीएलसी चाललं असं नाही. कुठलीही फाइल ते वाजवतं, म्हणून घरोघरी गेलं आणि मग शंकू ओळखीचा झाला. कालपरवा आलेल्या रेकॉर्डरला तेवढी वर्षं कोण देणार? त्याच्या आयकॉनकडे बघून निदान हे आवाजाचं काहीतरी आहे एवढं तरी कळू द्या.

पडघम
सूरपेटी, त्या बाईंच्या संगणकावर आवाजाचं एकच सॉफ्टवेअर असेल. माझ्याकडे आहेत सहा-सात. मेन्यूत शेजारी शेजारी लाटा, लाटा, आणखी लाटा. 'आवाजाचं आहे' हे मेन्यूतला विभागच सांगतो. 'मी कोण' हे लोगोने सांगायचं असतं. मात्र हेडफोन लांबून ओळखू येतो हे खरं, त्याला मी लाटेच्या पंक्तीत बसवायला नको होतं.

कमी_दिसतं
मी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो, थोडी दृष्टी शिल्लक आहे. माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए, ते मला नाव वाचून दाखवतं, लोगो नाही. म्हणून पूर्ण अंध वापरकर्त्याचा लोगो म्हणजे नाव. तेव्हा आधी नाव उच्चारायला सोपं ठेवा, अशी विनंती दोघींनाही.

माझ्यासारख्या अर्धवट दिसणाऱ्यांचं वेगळं. हेडफोन की शंकू, याने मला फार फरक पडत नाही. गडद पट्टीवर गडद निळा आयकॉन आला की तो माझ्यापुरता नाहीसा होतो. फिकट होत जाणाऱ्या रंगछटा तर पार विरघळतात. बाहेरून एक ठळक कडा द्या, आणि एकाच रंगात छापला तरी कळेल असा आकार निवडा. बहुतेक प्रकल्प पांढऱ्या पानावर लोगो बघूनच पसंत करतात, हे मला खटकतं.

गाठमार
चित्राची चर्चा चालू दे, पण हा लोगो कुणाचा, हे आधी ठरवा. सॉफ्टवेअरचा कोड खुला आणि लोगोला कुलूप, असं झालं की काय होतं ते फायरफॉक्स ब्राउझरने दाखवलंय. लोगोच्या चित्राचा परवाना डेबियनच्या (लिनक्सच्या एका प्रकाराच्या) नियमांत बसेना, आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं म्हणणं पडलं की नाव हवं तर अधिकृत लोगोसकट घ्या. परिणामी २००६ पासून डेबियनवर तोच ब्राउझर 'आइसविझल' नावाने, वेगळ्या चित्रासह फिरला. मूळ नाव परतायला २०१६ उजाडलं. दहा वर्षं!

पडघम, तुम्ही प्रकल्पाला काय सोपवता? फक्त पीएनजी (ठिपक्यांचं तयार चित्र) देत असाल तर ते अर्धंच दान. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशी मूळ एसव्हीजी (हवी तेवढी लहान-मोठी करता येणारी) फाइल, रंगांचे आकडे आणि परवाना, तिन्ही रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या सामायिक साठ्यात गेलं पाहिजे. लोगो करणारा निघून गेला आणि मूळ फाइल त्याच्याच लॅपटॉपवर राहिली, मग पुढच्याने पीएनजीवरून रेघा गिरवल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दाराशी_उभा
गाठमार, इथे माझा ठाम विरोध. लोगो सगळ्यांना मोकळा केला की कुणीही तो लावून आपला इन्स्टॉलर वाटेल. आमच्या भागातल्या एका शाळेत फुकट सॉफ्टवेअरच्या नावाखाली जाहिरातींचा कचरा भरलेली आवृत्ती आली होती, वर चिन्ह अस्सल. मुलांनी कशावर विश्वास ठेवायचा? नाव आणि लोगोवर ट्रेडमार्क हवाच.

गाठमार
ट्रेडमार्क नको असं मी म्हटलंच नाही. चित्राचा कॉपीराइट आणि ओळखीचा ट्रेडमार्क या दोन गोष्टी आहेत. चित्र बदलायला मोकळं ठेवा आणि 'हेच अस्सल' म्हणून ते मिरवायला बंदी करा, हे एकत्र चालतं. ऑडॅसिटी २०२१ मध्ये म्यूझ ग्रुप या कंपनीकडे गेलं, वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून लोक चिडले, आणि काहींनी कोड घेऊन 'टेनॅसिटी' काढलं. कोड तोच, पण नाव आणि चिन्ह त्यांना नवंच घ्यावं लागलं. ते योग्यच झालं, कारण वापरणाऱ्याची फसगत झाली नाही.

सूरपेटी
ऑडॅसिटीचं निघालंच आहे तर मनातलं बोलते. २०२५ मध्ये चौथ्या आवृत्तीसाठी नवा लोगो दाखवला, आणि बऱ्याच जुन्या लोकांना तो रुचला नाही. मलाही नाही. २००० सालापासून लोकांच्या हातात असलेलं साधन आहे ते. विचारून बदलला असता तर एवढं लागलं नसतं.

पडघम
विचारून म्हणजे मतदान? तो अनुभव मी घेतलाय. एका प्रकल्पाने स्पर्धा ठेवली, कितीतरी जणांनी रात्री जागून लोगो पाठवले, एक निवडला आणि बाकीच्यांना साधं उत्तरही गेलं नाही. आणि निवडलेला कोणता? पांढऱ्या पानावर मोठा छान दिसणारा, आत वेव्हफॉर्म असलेला. स्पर्धेला माझा कायमचा नकार. तीन कच्ची चित्रं १६ ठिपक्यांत, गडद आणि फिकट पट्टीवर ठेवून पंधरा वापरकर्त्यांना 'यातलं तुमचं कोणतं?' विचारावं. पसंती विचारू नये, ओळख विचारावी.

सूरपेटी
हे मात्र करून बघण्यासारखं. आज आमच्या गटात पाच जणींना ऑडॅसिटीचा जुना, आत लाट असलेला हेडफोन अगदी लहान करून दाखवला. चौघींनी ओळखला. पाचवी म्हणाली, 'घोड्याचा नाल आहे का?' लाट एकीलाही दिसली नाही. ताई, लाट काढा. हेडफोनला मात्र मी हात लावू देणार नाही.

पडघम
लाट काढलेला, ठळक कडेचा, एकरंगी हेडफोन आज रात्री काढते. एसव्हीजी इथेच चढवते. कमी_दिसतं, गडद पट्टीवर तुम्ही सगळ्यात आधी बघाल का?