खारघर नेमकं कुठल्या प्रदेशात?

ऐरोलीकर: लेकीला भूगोल शिकवतेय. औपचारिक प्रदेश कळला: ठाणे जिल्हा, हद्द ठरलेली, 2014 मध्ये पालघर वेगळा झाला. कार्यात्मक प्रदेशावर मात्र दोघी अडलोय.

वाशीकर: ताई, आमचं एपीएमसी मार्केट घ्या. नाशिक-जुन्नरकडची भाजी रात्री उतरते, उजाडेपर्यंत मुंबईभर निघते. केंद्र एकच, त्याची देवघेव जिथवर पोचते तिथवर तो प्रदेश. जिल्ह्याची रेघ मध्ये येत नाही.

खारघरवाला: तिसराही असतो, लोकांच्या मनातला. खारघर रायगड जिल्ह्यात, पनवेल महापालिकेत. तरी पत्ता सांगताना आम्ही ‘नवी मुंबई’च म्हणतो, आणि मनापासून म्हणतो.

ऐरोलीकर: हे लेकीला लगेच पटलं, तिची आत्या खारघरलाच राहते! आता विचारतेय, रोज ठाणे स्टेशनला उतरणारे कुठवरून येतात? तोही कार्यात्मकच ना?

वाशीकर: अगदी बरोबर. हुशार आहे पोर.