आईस्क्रीम सोडा पुण्याचा? कारखान्याचं साल म्हणजे पेयाचा जन्मदाखला नव्हे

गिरगावकर
कॅम्पातल्या खाण्यापिण्यावरच्या लेखात परवा कोणीतरी ठोकून दिलंय : "आईस्क्रीम सोडा मूळचा पुण्याचा. अर्देशीरने १८८४ साली तो आणला, मुंबईच्या ड्यूकने १८८९ मध्ये उचलला." तिथे उत्तर लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

पुण्याचे सोडावाले अर्देशीर अँड सन्स १८८४ चे, मुंबईचे सोडावाले ड्यूक १८८९ चे. ठीक. पण ही कारखाने सुरू झाल्याची सालं आहेत. पहिल्याच दिवशी आईस्क्रीम सोडा भरला, हे कुठून काढलं? आणि सालावरच निकाल लावायचा असेल तर मुंबईचेच दुसरे सोडावाले पालनजी १८६५ चे आहेत. मग पुणं आपोआप बाद.

मी मात्र पालनजींच्या नावानेही तो दावा करणार नाही. या सोड्याला चव आहे ती व्हॅनिलाची. व्हॅनिलिन, म्हणजे ती चव देणारं रसायन, कृत्रिमरीत्या पहिल्यांदा तयार झालं १८७४ साली, जर्मनीत, टीमन आणि हारमान यांच्या हातून. त्याआधी व्हॅनिला म्हणजे शेंगा, आणि शेंगा महाग. दोन-चार पैशांच्या बाटलीत त्या कोण घालणार? स्वस्त इसेन्स बाजारात आल्यावरच हे पेय परवडलं असणार. म्हणजे पाट्यांवरची सालं या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत.

कॅम्पातला
पुण्याचं काही निघालं की लगेच जर्मनीपर्यंत पुरावे! ड्यूकचे दिनशॉजी पंडोल क्रिकेटपटू होते, ड्यूक चेंडूवरून कंपनीचं नाव ठेवलं, ही गोष्ट तुम्ही मुंबईकर कौतुकाने सांगता. तेव्हा कागद मागता का?

आमचे आजोबा लष्करी हिशेबखात्यात होते. पगार झाला की शरबतवाला चौकातून अर्देशीरचा क्रेट यायचा. रासबेरी मुलांना, जिंजर आजोबांना, आईस्क्रीम सोडा आजीला. ती दुसरं काही प्यायचीच नाही. आमच्या घरात हा सोडा पुण्याचाच.

गिरगावकर
आजी पुण्याचा सोडा प्यायच्या, हे मान्य. तो पुण्यात जन्मला, हे त्यातून निघत नाही.

ट्रॉयची_वहिनी
डेट्रॉईटजवळ राहते म्हणून लिहितेय. इथे सँडर्स मिठाईवाल्यांबद्दल हेच सांगतात : क्रीम नासलं, म्हणून सोड्यात आईस्क्रीम घातलं. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट ग्रीनने तेच श्रेय १८७४ च्या प्रदर्शनातल्या स्टॉलवरून घेतलं आणि आपल्या थडग्यावर 'आईस्क्रीम सोड्याचा जनक' असं कोरून घेतलं. तुम्ही दोघेही उशिरा जागे झालात.

गिरगावकर
वहिनी, तो ग्लासात खरं आईस्क्रीम सोडलेला प्रकार. आपल्या बाटलीत आईस्क्रीमचा थेंब नसतो. आपला सोडा त्यांच्या क्रीम सोड्याच्या जवळचा. १८५२ मध्ये मिशिगनच्याच एका शेतकी मासिकात क्रीम सोड्याची कृती आली होती. त्यात टार्टरिक ॲसिड, अंडं आणि दूध! ते पेयही आपल्या बाटलीतलं नव्हे.

धनसाक_रविवार
मूळ कुठलं यावर भांडताय, पण उरलंय काय? ड्यूक १९९४ मध्ये पेप्सीला विकली. त्याच्या आदल्या वर्षी पार्लेवाल्यांनी थम्सअप, गोल्डस्पॉट कोकला दिले. गोल्डस्पॉट तर दिसेनासाच झाला. मालकांनी पैसे घेतले आणि आपल्या चवी गेल्या. याचा मला अजून राग येतो.

सोडावॉटर_सातारा
मालकांना दोष देणाऱ्यांनी जरा थांबा. आमच्या वडिलांचा सोडावॉटरचा कारखाना होता. आधी गोटीच्या बाटल्या, मग झाकणाच्या. आईस्क्रीम सोडा, लेमन, ऑरेंज. एका मोठ्या कंपनीचे लोक गावात आले आणि प्रत्येक टपरीला फ्रीज फुकट दिला. अट एकच : आत दुसऱ्या कुणाची बाटली ठेवायची नाही. बस स्टँडवरच्या हॉटेलवाल्याने, ज्याच्याकडे आमचा माल वर्षानुवर्षं जायचा, वडिलांना सांगितलं, "अण्णा, तुमचा सोडा चांगलाय, पण उन्हाळ्यात गरम बाटली कोण घेणार?" फुटलेल्या बाटल्यांचा तोटा आमचा, परत न आलेल्या रिकाम्यांचा तोटाही आमचा. शेवटी यंत्र भंगारात दिलं. आम्हाला कुणी विकत घ्यायलाही आलं नाही.

धनसाक_रविवार
तुमचं दुःख खरं आहे. पण सातारच्या कारखान्याची आणि ड्यूकची तुलना कशी होईल? त्यांच्याकडे मँगोला हे आंब्याचं पेय होतं, नाव होतं, गाड्या होत्या. ते लढू शकले असते.

सोडावॉटर_सातारा
लढा म्हणणं सोपं असतं. तुम्ही शेवटची बाटली स्थानिक कधी घेतलीत ते सांगा. लग्नात मोठ्या कंपनीच्या दोन लिटरच्या बाटल्या मांडणारेच इथे चवी गेल्या म्हणून रडतात.

धनसाक_रविवार
वैयक्तिक होऊ नका. आमच्याकडच्या नवजोतीला (पारशी मुलांचा धर्मदीक्षेचा विधी) पालनजीची रासबेरी होती, फोटो आहेत.

कॅम्पातला
मूळ मुद्द्यावर येतो. गिरगावकर, तुमचं व्हॅनिलिनचं गणित पटवून घ्यावं लागतंय, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तेच गणित मांडलं तर १८७४ नंतर सुरू झालेला अर्देशीर स्वस्त इसेन्सच्या काळातला ठरतो, पालनजी त्याच्या आधीचे. म्हणजे शक्यता पुण्याकडेच झुकते.

गिरगावकर
झुकत नाही. पालनजी १८६५ ला सुरू झाले, १८७४ ला बंद पडले नाहीत. इसेन्स बोटीने यायचा तर आधी मुंबईच्या गोदीत उतरायचा. पुण्याला तो बोरघाट चढूनच गेला असणार. तुमच्या आजोबांच्या क्रेटबद्दल मला आदर आहे, पण लेखातलं ते वाक्य जोवर तसंच आहे तोवर मी इथून हलत नाही.

सोडावॉटर_सातारा
बोटीने आला की घाटाने, पुढे तो आमच्या वडिलांकडेही पोचला. बाकी भांडण चालू द्या. अर्देशीर कॅम्पात अजून काचेच्या बाटलीत मिळतो. या महिन्यात एक क्रेट कोण उचलणार आहे, तेवढं लिहा.