घरी प्रार्थनेला माणसं आली की मी चहाला उठते

शेवगावची_सून

सलाम मंडळी. ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्याला आता चौदा महिने झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. पहाटेची एसटी, नगरपर्यंत दोन तास, मशीनवर चार तास, मग परत. डायलिसिस सरकारी योजनेत बसतं. तिकीट, बाहेरचं खाणं आणि माझा बुडालेला रोज कुठल्याच योजनेत बसत नाही.

दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा आणि आमटी धरायची. भाजी उकळून पाणी फेकून द्यायचं. टोमॅटो नाही, केळं नाही, शहाळं तर अजिबात नाही. आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस शहाळंच घेऊन येतो!

दर गुरुवारी चर्चच्या मंडळीतले आठ-दहा जण घरी प्रार्थनेला येतात. प्रेमानं येतात, खोटं कशाला बोलू. पण प्रार्थना एकाच वळणाची: प्रभू, तू ह्याला बरं केलंच आहेस, आम्ही आभार मानतो. ‘आमेन’चा गजर सुरू झाला की मी चहा ठेवायला उठते. मागच्या महिन्यात बाहेरगावचे एक बंधू आले होते. म्हणाले, या घरात कुणाचातरी विश्वास कमी पडतोय. सगळ्यांनी खाली बघितलं, सासूबाईंनी माझ्याकडे.

खरं तर चौदा महिन्यांत मला धड प्रार्थना करता आलेली नाही. सकाळी उठले की ह्यांच्या डाव्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशननं जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवून बघते. मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे, म्हणजे तो चालू आहे. ती लागेपर्यंत जे दोन-तीन सेकंद जातात, त्यात मी देवाला जे बोलते ते उपासनेत उभं राहून बोलता येणार नाही. हे पाप की प्रार्थना? आणि मी करू तरी काय प्रार्थना?

विजयी_जीवन

ताई, कुरकुर म्हणजे सैतानाला दार उघडून देणं. आजार तोंडानं कबूलच करू नका. यशया 53:5, ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य मिळालं’, हे वचन धरून बसा. सगळा भरवसा मशीनवर ठेवला तर विश्वास वाढणार कसा?

निवृत्त_पाळक

आधी एक काम: डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी वडीलमंडळींना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा असं सांगितलंय. वैद्याला घालवून द्या असं कुठंही लिहिलेलं नाही.

आता तुमचा प्रश्न. ते दोन-तीन सेकंद पाप असतील तर बायबलमधली दाविद राजाची निम्मी स्तोत्रं फाडून टाकावी लागतील. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ‘कोठवर?’ या शब्दानं आणि दोन ओव्यांत तोच प्रश्न चारदा येतो. पण तुम्ही 88वं वाचा. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठंतरी वळतात, ‘तरी मी तुझ्यावर भाव ठेवीन’ म्हणतात. हे वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ आहे. ज्यांनी पवित्र शास्त्र एकत्र केलं त्यांनी ते गाळलं नाही, की खाली दोन ओळी आशेच्या जोडल्या नाहीत. मी पस्तीस वर्षं पाळकपण केलं आणि त्यातली पहिली वीस वर्षं हे स्तोत्र एकदाही उपासनेत वाचलं नाही. भीती वाटायची, लोक काय म्हणतील.

रोज तेच तेच मागते, म्हणजे विश्वास नाही, असंही कोणी म्हणेल. गेथशेमाने बागेत, धरून नेण्याच्या रात्री, प्रभूनं ‘हा दुःखाचा प्याला टळो’ अशी तिसऱ्यांदा प्रार्थना केली ती पहिल्याच शब्दांत, मत्तयानं तसं मुद्दाम नोंदवलंय. आणि तो प्याला काही टळला नाही. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला.

विजयी_जीवन, तुम्हाला एकच सांगतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा. 1883 ला बाप्तिस्मा घेतला, म्हणून पुढं दुःख थांबलं का? 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाई बायबलचं भाषांतर करत राहिल्या आणि पुढच्या एप्रिलमध्ये केडगावला स्वतःही गेल्या. आता यात कुणाचा विश्वास किती कमी पडला ते तुम्ही मोजून सांगा.

बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरं केलं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्यांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत, ईयोब बोलला. म्हणजे तो ओरडणारा, देवाला जाब विचारणारा! आणि मग त्या मित्रांसाठी प्रार्थना कोणी करायची? ईयोबानंच. तेव्हा बाई, गुरुवारच्या मंडळींसाठी तुम्हीच एखादी करून टाका.

निर्मळची_मावशी

मी वसईची, कॅथलिक. तुम्हा प्रोटेस्टंट लोकांत जपमाळ नसते हे ठाऊक आहे, तरी सांगते. आई अडीच महिने अंथरुणावर होती तेव्हा मला स्वतःचं एक वाक्य जुळत नव्हतं. शब्द सुचेनासे होतात तेव्हासाठीच तर माळ असते. रात्री तिला कूस बदलून द्यायची, पाठीला पावडर लावायची, आणि एकेक मणी सोडायचा. ‘नमो मरिया’त आपण मरियामातेला आपल्यासाठी दोनच वेळी विनंती करायला सांगतो, आता आणि मरणाच्या वेळी. मधलं काही नाही. त्या अडीच महिन्यांत मला तेवढंच पुरलं. फादर येऊन आईच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावून गेले, तर ती म्हणाली, खोबरेल नाही का हे? हसायला आलं सगळ्यांना.

तुमच्याकडे स्तोत्रं आहेत, गाणी आहेत. उसनी घ्या. उसन्या शब्दांना देव हिशेब विचारत नाही.

खुर्ची_नंबर_चार

मी स्वतः पाच वर्षं मशीनवर आहे, म्हणून रुग्णाच्या बाजूनं बोलतो. लोक माझ्या डोक्यावर हात ठेवून माझ्याबद्दल असं बोलतात, जणू मी तिथं नाहीच. एकदा एकानं वीस मिनिटं किडनी नवी होण्यासाठी प्रार्थना केली. मला त्या दिवशी काय हवं होतं माहितीये? सुई पहिल्याच टोचण्यात नीट बसावी. बस्स. कोणी विचारलंच नाही.

तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा येतो तेव्हा माझी प्रार्थना दोन शब्दांची: प्रभू, ये. कधीकधी पहिलाच शब्द होतो आणि पुढं नर्सला हाक मारतो.

ताई, भाऊंना विचारा की त्यांना काय मागायचंय. कदाचित तुमच्यासाठीच काहीतरी मागायचं असेल.

शेवगावची_सून

सगळ्यांना सलाम. उशिरा लिहितेय, मध्ये फिस्टुलाला सूज आली होती, आता ठीक आहे.

चार नंबरवाल्या भाऊंचं ऐकून ह्यांना एसटीत विचारलं. बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, एक भरून तांब्या गार पाणी, रांजणातलं, आणि तुझी गुरुवारची झोप. लोक जाईपर्यंत तुला बसावं लागतं, पहाटे परत उठायचं.

या गुरुवारी मी चहाला उठले नाही. म्हटलं, आज वाचन मी करते. 88वं काढलं. पाळकसाहेब, तुम्ही म्हणालात ते खरंच, ते वळतच नाही. ‘आमेन’ म्हणायला सगळे टपून बसलेले, पण मधे जागाच सापडेना, आणि अंधारावर येऊन मी थांबले तरी कुणाला कळेना की संपलं. शेजारच्या काकांनी पानाच्या मागं काही आहे का बघितलं. पंखा तेवढा वाजत होता. मी ह्यांच्या हातावर हात ठेवला होता, तो तसाच राहू दिला. पाचएक मिनिटं कोणीच काही बोललं नाही. आमच्या घरात आठ-दहा माणसं पाच मिनिटं गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

शेवटी सासूबाईच उठल्या. म्हणाल्या, तू बैस, चहा मी ठेवते. आणि आतून ओरडून विचारलं, ह्याला अर्धाच कप ना गं?