शब्द हवा आहे : पेशीची 'नियती' म्हणावं का?

अबोली, वाळपई

आमच्या गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा कुणीतरी आपल्या विषयावर अर्धा तास मराठीतून बोलतं. येत्या रविवारी माझी पाळी. मी उच्च माध्यमिकला जीवशास्त्र शिकवते, पण इंग्रजीतून. विषय घेतलाय तो असा : सस्तन प्राण्यांच्या गर्भात पहिल्या काही दिवसांत कुठली पेशी पुढे काय होणार, हे कसं ठरतं. इंग्रजीत याला 'सेल फेट' म्हणतात. मी सरळ 'पेशीची नियती' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. आईने लगेच विचारलं, "म्हणजे सटीच्या रात्री लिहितात तसं?"

माझ्या सहाव्या रात्री आजीने पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवली होती, हे आई अजून सांगते. सटी येते, कपाळावर लिहून जाते, ते पुसता येत नाही. मला सांगायचंय ते नेमकं याच्या उलट. पोलंडचे शास्त्रज्ञ तार्कोव्स्की यांनी १९५९ साली उंदराच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी नष्ट केली, तर उरलेल्या एकीपासून अख्खा उंदीर जन्मला. १९६१ मध्ये त्यांनी दोन गर्भ एकमेकांना चिकटवले, तर दोन्हींचा मिळून एकच गर्भ वाढला. आधीच लिहिलेलं असतं तर पहिल्या वेळी अर्धा उंदीर व्हायला हवा होता.

नशीब, प्राक्तन, विधिलिखित, ललाटरेषा... आपल्याकडच्या प्रत्येक शब्दात कुणीतरी आधी येऊन लिहून गेलंय. न लिहिलेल्यासाठी शब्द सुचवा.

डिचोलीचे गुरुजी

'भवितव्य' घ्या. 'नियती' नकोच, तिच्यात 'यम्' धातू आहे, म्हणजे बांधून टाकणं आलं. 'मुलांचं भवितव्य तुमच्या हाती' असं आपण म्हणतो तेव्हा ते अजून घडायचं असतं. आणि कृपा करून 'सेल फेट' तसंच्या तसं लिहू नका. आम्ही मराठी शाळांतून जन्मभर शिकवलं. एकेक शब्द असा सोडत गेलो तर उद्या शास्त्र मराठीत बोलताच येणार नाही.

फोंड्याची वैद्य

गुरुजी, 'तव्य' प्रत्यय पाहा ना. कर्तव्य म्हणजे जे केलंच पाहिजे. मग भवितव्य म्हणजे जे झाल्यावाचून राहणार नाही. संस्कृतात 'भवितव्यता' म्हणजे न टळणारं होणं. अबोलीबाईंना नेमकं तेच टाळायचंय.

डिचोलीचे गुरुजी

शब्द माहेर सोडून सासरी आला की त्याचं नांदणं सासरच्या रीतीने. संस्कृतात काय होता ते मला ठाऊक आहे. मराठीत आज त्याचा अर्थ 'पुढचा काळ, अजून न ठरलेला' असाच आहे.

म्हादई

मी वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गर्भ सांभाळते. माणसाचा गर्भ तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशींचा असतो, सीताफळासारखा उंचसखल. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना इतक्या बिलगतात की मधल्या रेघा दिसेनाशा होतात. सीताफळाचं रामफळ होतं म्हणा. पाचव्या दिवशी आत पाणी भरून पोकळी झालेली असते आणि एका बाजूला आतून चिकटलेला पेशींचा एक पुंजका दिसतो.

मागे पेडण्याकडचं एक जोडपं आलं होतं. पडद्यावर गर्भ पाहून बाईंनी विचारलं, "ह्यांतलें बाळ खंयचें?" मी पुंजक्यावर बोट ठेवलं आणि भोवतीच्या एकेरी थरावरून बोट फिरवत सांगितलं, "ही बाळाला पोसणारी वार होणार." त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तांकां कोणें सांगलें?"

याच प्रश्नाला तार्कोव्स्की आणि व्रुब्लेव्स्का यांनी १९६७ मध्ये उत्तर सुचवलं : जागेने सांगितलं. उंदराच्या सोळा पेशींच्या गर्भात काही पेशी चहूबाजूंनी शेजारणींनी वेढलेल्या असतात, तर बाहेरच्यांची एक बाजू उघडी असते. या उघड्या बाजूमुळे बाहेरच्या पेशीत 'यॅप' नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं, 'सीडीएक्स-२' जनुक जागं होतं आणि पेशी वारेच्या वाटेला लागते. आतल्यांमध्ये यॅप केंद्रकाबाहेरच अडवलं जातं. चार पेशी असतानाच त्यांच्यात थोडा कल दिसतो असं काही संशोधक म्हणतात, त्यावर वाद चालू आहे. म्हणून 'कपाळ अगदी कोरं' असंही ठामपणे सांगू नका.

शब्दाचं म्हणाल तर नाम हवंच कशाला? 'ठरणं' हे क्रियापद पुरे. आपण म्हणतो ना, "तिचं ठरलं." साखरपुडा झाला, तरी लग्न लागेपर्यंत मोडू शकतं. पेशींचंही तसंच, आधी ठरतं आणि मग लागतं. सोळा पेशींच्या गर्भातली बाहेरची पेशी काढून आत ठेवली तर ती अजून आतली होऊ शकते. पोकळी मोठी झाल्यावर नाही होत.

अबोली, वाळपई

म्हादईताई, 'तांकां कोणें सांगलें' यावरच मी रविवारी सुरुवात करणार, तुमची हरकत नसेल तर. पण मथळ्याला नाम लागतंच. 'पेशींचं ठरणं' असा मथळा वाचून लोक लग्नाची गोष्ट ऐकायला यायचे!

मडगावचा वाचक

नाम हवं तर 'फुडार'. आमच्या कोंकणीत फुडार म्हणजे पुढचा काळ, जो समोर आहे तो. त्यात ना सटी आहे ना ब्रह्मदेव. 'पेशीचा फुडार' म्हणा, वाळपईला प्रत्येकाला कळेल.

डिचोलीचे गुरुजी

शब्द गोड आहे, पण पुण्या-नागपूरचा वाचक अडखळेल. मराठी लिहायचं तर महाराष्ट्रभर पोचेल असं लिहावं.

मडगावचा वाचक

गुरुजी, त्या पुण्याच्या वाचकाला 'भ्रूणपोषक आवरण' कळतं का? परिभाषेतले निम्मे शब्द कुणाच्याच घरात बोलले जात नाहीत. निदान हा एका घरातून तरी येतो. गोव्यातल्या मराठीने गोव्याच्या मातीतलं काही घ्यायचं नाही, हे मला पटत नाही.

डिचोलीचे गुरुजी

माती म्हणालात म्हणून सांगतो. आमच्या डिचोलीत कुंभारांची जुनी वस्ती. लहानपणी मी तासन् तास चाकापाशी बसायचो. ओलं मडकं बिघडलं तर कुंभार त्याचा पुन्हा गोळा करायचा. उन्हात सुकलेलं, हाताला टणक लागणारं मडकंसुद्धा पाण्यात टाकलं की रात्रीतून परत चिखल व्हायचं. भट्टीतून आलं की मात्र संपलं. फुटेल, पण माती होणार नाही. म्हादईताईंचं 'ठरणं' आणि 'लागणं' यांपेक्षा 'सुकणं' आणि 'भाजणं' मला जास्त नेमकं वाटतं. सुकलेलं मडकं दिसायला पक्कंच असतं. कच्चं आहे हे कळतं ते पाण्यात टाकल्यावर.

म्हादई

गुरुजी, हे फार आवडलं. पेशीची परीक्षा अशीच घेतात. वेगळी काढून नुसत्या पोषकद्रवात ठेवली आणि तिने आपली वाट धरली, तर ती सुकलेली. गर्भात दुसऱ्याच जागी नेऊन ठेवली, तरी बधली नाही, तर भाजलेली. फक्त एक अडचण आहे. २००६ मध्ये जपानात यामानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या त्वचेतल्या पेशींत चार जनुकं घालून त्या जवळजवळ पुंजक्यातल्या पेशींसारख्या करून दाखवल्या. खापराची माती झाली.

डिचोलीचे गुरुजी

निसर्गात आपोआप होतं का तसं? नाही ना. मग माझा शब्द टिकतो.

फोंड्याची वैद्य

मूळ 'पेशी' शब्दाबद्दल कुणीच कसं बोलत नाही? सुश्रुतात पेशी म्हणजे स्नायू, शरीरात त्या ५०० मोजल्यात. आणि गर्भाच्या वर्णनात दुसऱ्या महिन्यात गोळा लांबट दिसला तर त्याला 'पेशी' म्हटलंय. हिंदीवाले 'कोशिका' म्हणतात, त्यात घोळ होत नाही. गर्भोपनिषदात तर एका रात्रीनंतर कलल आणि सात रात्रींनंतर बुद्बुद येतं. बुद्बुद म्हणजे आपला बुडबुडा! पाण्याने भरलेला पोकळ गोळा. म्हादईताईंनी पाहिला तोच. 'कलल' आणि 'बुद्बुद' हे आपलेच शब्द परत आणायला हवेत.

म्हादई

शब्द जरूर आणा, 'बुद्बुद' मला मनापासून हवाय. पण त्यांनी तो पाहिला होता असं म्हणू नका. त्या वेळचा गर्भ मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा असतो. भिंगाशिवाय आतली पोकळी दिसायची नाही.

असाच एक शब्द मलाही जुन्या पोतडीतून हवाय. पुंजक्यात दुसरी फाळणी होते तेव्हा 'नॅनॉग' नावाचं प्रथिन दाखवणाऱ्या आणि 'गाटा-६' नावाचं प्रथिन दाखवणाऱ्या पेशी आधी एकमेकींत मिसळलेल्या असतात, मग वेगळ्या होतात. पहिल्यांपासून बाळ, दुसऱ्यांपासून पीतककोश, म्हणजे गर्भाला जोडलेली एक पिशवी. इंग्रजीत त्या मिसळणीला मीठ-मिरपुडीची उपमा देतात. आपल्याकडे 'तिलतंडुल न्याय' तयार आहे. तीळ-तांदूळ मिसळले तरी निवडता येतात, दूध-पाणी नाही.

अबोली, वाळपई

तीळ-तांदूळ घेतले! 'पेशी' मात्र बदलणार नाही, मुलं शाळेत तेच शिकतात. मथळा अजून कोराच आहे. 'फुडार' आणि 'भवितव्य' दोन्ही आईला वाचून दाखवले. तिला 'वाटा' आवडलं, 'पेशींच्या वाटा'. पण वाटा आधीपासून मळलेल्या असतात, चालणारी नवी. पुन्हा तोच पेच.

तोरसेचा शेतकरी

मी शास्त्र शिकलेलो नाही, गुरं आहेत घरी. 'वार'बद्दल विचारायचं होतं. गाय व्याली की आम्ही वार पडेपर्यंत गोठ्यातून हलत नाही. मागच्या पावसात एकीची रात्रभर पडली नव्हती, कंदील घेऊन बसलो होतो. कुणी जार म्हणतात, कुणी झार. आजवर ती गायीची समजत होतो, तिच्या पोटातली म्हणून. इथे लिहिलंय की बाळ नि वार एकाच गोळ्यातून होतात. म्हणजे ती वासराची?

फोंड्याची वैद्य

जार हे जरायूवरून. ग्रंथांत वारेला 'अपरा' म्हणतात. तुम्ही बोलता तेच लिहा, अबोलीबाईंनीही 'वार'च लिहावं.

म्हादई

हो दादा, वासराचीच. माणसात वारेला आईकडचाही थोडा भाग असतो, पण गायीची पडते ती वासराकडची.

तोरसेचा शेतकरी

मग 'गायीची वार पडली' हे बोलणं चुकीचं का?

डिचोलीचे गुरुजी

चुकीचं कसं? गायीच्या पोटातून पडली म्हणून गायीची. षष्ठी नेहमी मालकीचीच नसते.

तोरसेचा शेतकरी

पण गुरुजी, वासरू पडतं तेव्हा आम्ही गायीचं वासरूच म्हणतो, आणि वार त्याच्या बरोबरीची. ह्यांतली षष्ठी खंयची?