ड्रॅक्युलाला 'बिचारा' का ठरवतोय आपण?

रातकिडा: ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) नुकतीच तिसऱ्यांदा वाचून संपवली. हल्ली व्हँपायर म्हटलं की एकटा, दुखावलेला, प्रेमाला आसुसलेला कुणीतरी समोर येतो. मूळ कादंबरीत तसलं काही नाही. आपल्या किल्ल्यातल्या तीन व्हँपायर बायकांपुढे ड्रॅक्युला एक पिशवी टाकतो, तिच्यात लहान मूल असतं. पोराची आई अंगणात येऊन टाहो फोडते, तर तिच्यावर लांडगे सोडतो. कुठल्या दुःखाने हे झाकलं जाणार? दुष्टाला दुष्ट म्हणणारं पुस्तक आहे, आणि ते तसंच वाचावं.

अवनी_के: अजिबात पटलं नाही. अख्खं पुस्तक त्याच्या शत्रूंनी लिहिलंय: त्याच्या किल्ल्यात अडकलेला वकील जोनाथन आणि त्याची बायको मीना यांच्या डायऱ्या, त्यांचा साथीदार डॉ. सीवर्ड याचं फोनोग्राफवरचं (आवाज टिपणाऱ्या यंत्रावरचं) रेकॉर्डिंग, पत्रं, कात्रणं. त्याची बाजू कुठाय? शेवटी जोनाथन स्वतःच कबूल करतो की अस्सल कागद जवळजवळ उरलेच नाहीत, आहे ती टाइप केलेली चळत. अशा पुराव्यावर तुम्ही कुणालाही सुळावर द्याल?

रातकिडा: अस्सल कागद गेले कुठे, तेही सांगा ना. ड्रॅक्युलानेच सीवर्डच्या खोलीत घुसून जाळले, फोनोग्राफच्या नळ्यासुद्धा. तिजोरीत प्रत होती म्हणून गोष्ट वाचली. आणि किल्ल्यात तो रात्र रात्र स्वतःच्या घराण्याच्या लढाया सांगत बसतो. बोलायला मिळालं नाही असं कसं म्हणता?

मांडवीकाठ: थोडं अवांतर. रिचर्ड बर्टनने १८७० साली विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या, तेव्हा वेताळाचा व्हँपायर करून टाकला. आमच्याकडे गोव्यात वेताळाची देवळं आहेत, गावाचा राखणदार म्हणून त्याला नारळ ठेवतात. एकाचा देव दुसऱ्याच्या भाषेत राक्षस होतो, म्हणून 'निखळ दुष्ट' ऐकलं की मी जरा थांबते.

रातकिडा: बर्टनचं चुकलंच, मान्य. पण वेताळ कोडी घालतो हो, तान्ही पोरं पळवत नाही.

पिंपळपान: मला 'चांगल्या' बाजूबद्दल बोलायचंय. ड्रॅक्युला रात्री मीनाची मैत्रीण लूसी हिचं रक्त प्यायला येतो. त्याला रोखायला सीवर्डचे गुरू व्हॅन हेल्सिंग तिच्या खोलीत लसणाची फुलं लावतात, पण लूसीच्या आईला कारण सांगत नाहीत, का तर आईचं हृदय कमजोर. आई बिचारी उग्र वास येतो म्हणून फुलं काढते नि खिडकी उघडते. झालं! पुढे मीनाचंही तेच. सगळी टिपणं टाइप करून क्रमाने लावली तिने, आणि पुरुष ठरवतात की बाईमाणसाला आता यातलं काही सांगायचं नाही. ती एकटी झोपते, तिथेच ड्रॅक्युला तिला गाठतो. दोन्ही वेळा वाट करून दिली ती सज्जनांच्या लपवाछपवीने. ही लढाई मला काळी-पांढरी वाटत नाही ती यामुळे.

रातकिडा: हे मात्र मनाला लागलं. आईने फुलं काढली तेव्हा मी तिच्यावरच चिडलो होतो. सांगायला हवं होतं तिला. तरीही चूक आणि दुष्टपणा एका तराजूत घालणार नाही मी. रात्रभर जागून, स्वतःचं रक्त देऊन त्यांनी लूसीला जगवायचा प्रयत्न केला.

अवनी_के: मग मीनाचं ऐका. कपाळावर चर्चमधल्या पवित्र भाकरीने भाजल्याचा डाग, रक्तात त्याचं विष, आणि तीच नवऱ्याला सांगते की या सगळ्यात सर्वांत दुःखी जीव तोच आहे, त्याची कीव करा. उद्या मलाही अशीच कीव लागेल, म्हणते. जिने सर्वांत जास्त सोसलं तिला तो 'बिचारा' दिसतो.

रातकिडा: पण त्याच दमात ती हेही म्हणते की कीव करा, तरी त्याला संपवताना हात आखडू नका! म्हणजे दया आहे, सूट नाही. आजच्या गोष्टी नेमकं हेच अर्धं गाळतात.

पिंपळपान: आणि शेवट? जोनाथनची कुकरी गळ्यावर, त्यांचा साथीदार क्विन्सी याचा सुरा काळजात, देहाची माती होते. त्याआधी क्षणभर त्या चेहऱ्यावर शांती येते. ती मीनाच टिपते. निखळ दुष्टाला शांती कशाला देईल स्टोकर?

रातकिडा: ते प्रकरण आज रात्री पुन्हा वाचतो. मग बोलू.