टीम्स बकव्हीट: खाणीच्या कडेला हे फूल टिकेल का?

माळरान:
अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, सिल्व्हर पीक डोंगररांगेतल्या ऱ्हायोलाइट रिजवर हे फूल आहे. जगातली सगळी वस्ती मिळून जेमतेम 10 एकर, समुद्रसपाटीपासून 1,800 मीटरच्या आसपास. निळसर करड्या पानांचा बुटका झुबका, मे-जूनमध्ये त्यावर फिकट पिवळे गोंडे. 1983 साली वनस्पतीशास्त्रज्ञ अर्नोल्ड टीम यांना ते सापडलं. जमिनीत बोरॉन आणि लिथियम भरपूर, त्यामुळे तिथे दुसरं फार काही वाढत नाही. नेमकं तेच लिथियम, विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीत लागणारं, आयोनियर या खाण कंपनीला हवंय. डिसेंबर 2022 मध्ये फुलाला कायद्याचं संरक्षण मिळालं, 910 एकर संरक्षित अधिवास ठरला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये खाणीला मंजुरीही मिळाली. माझ्या मते ही मंजुरी चूक आहे.

खनिजवेध:
असहमत. मूळ आराखड्यात झाडांची जागाच खणली जाणार होती. सुधारित आराखड्यात खड्डा बाजूला सरकवलाय, एकही झाड उपटायचं नाही. वर्षाला सुमारे 22,000 टन लिथियम कार्बोनेट आणि शिवाय बोरॉनपासूनचं बोरिक अ‍ॅसिड मिळणार. बोरॉनचे मोठे साठे मुख्यतः तुर्कस्तान आणि कॅलिफोर्नियात. कुंपण घाला, धुळीवर पाणी मारा, रोपवाटिकेत रोपं वाढवून संख्या वाढवा. पेट्रोल नको आणि खाणही नको, हे कसं जमेल?

माळरान:
झाड उपटलं नाही म्हणजे वाचलं, हा हिशेब चुकतो. अधिवास ठरवताना झाडांभोवती 500 मीटर धरले ते कीटकांसाठी. मधमाश्या, गांधीलमाश्या, भुंगेरे, माश्या यांनी परागीभवन केलं नाही तर बी फारच कमी धरतं. कीटकांना घरट्याला मोकळी जमीन लागते आणि आसपासची इतर फुलंही. ती जमीन खणली की झाड उभं राहील, पण पुढची पिढी येणार नाही. शिवाय उकरलेल्या जमिनीवर हॅलोजेटन हे खारं तण आधी शिरतं, आणि ते तिथे आलेलंच आहे.

बीजांकुर:
रोपवाटिकेबद्दल बोलतो, कारण तोच उपाय सगळ्यांना सोपा वाटतो. बी जून अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत पिकतं. एका हंगामात एकूण बियांच्या 10 टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. बकव्हीटच्या या गटातल्या बियांना ओलसर वाळूत 4-5 अंशांवर काही आठवडे थंडावा दिला की उगवण बरी होते. इथवर अवघड काही नाही.

अडतं पुढे. रोपाला लांब सोटमूळ असतं. उथळ कुंडीत ते वेटोळं झालं की माळावर लावल्यावर खोल जात नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात रोप वाळतं. म्हणून कुंडी अरुंद आणि निदान 30 सेंटिमीटर खोल हवी, माती त्याच डोंगराची. त्यात भर म्हणजे खारींचा (प्राण्यांचा) त्रास. 2020 च्या दुष्काळात 17,000 हून अधिक झाडं उकरली गेली. लोकांना माणसाचा संशय आला, पण डीएनए तपासणीत कुरतडणारे प्राणीच निघाले. पाण्यासाठी त्यांनी मुळंच खाल्ली. प्रयोगात लावलेल्या रोपांचीही तीच गत झाली. 6 मिलिमीटर जाळीचा पिंजरा, खालून 30 सेंटिमीटर पुरलेला, प्रत्येक रोपाला लावावा लागेल.

खनिजवेध:
मग तो खर्च कंपनीकडून घ्या, अटीत लिहा. उंदीर-खारी खाण नसतानाही खातातच. उलट निगराणीला पैसा खाणीमुळेच येईल.

बीजांकुर:
पैसा येऊ दे, पण अट कशी लिहिणार? “अमुक रोपं लावली” एवढंच लिहिलं तर कुणीही पूर्ण करेल. लावलेल्या रोपांनी पिंजऱ्याबाहेर बी टाकलं, त्यातून उगवलेलं रोप स्वतः फुललं, तर लागवड जमली असं म्हणेन. त्याला दहा वर्षं सहज लागतील. तोवर नैसर्गिक वस्तीशेजारी खणू नये. हा क्रम अटीत बसवायला तुम्ही तयार आहात का, सांगा.