पाटणादेवी-केदारकुंड: आई आणि लहान पोरासोबत जमेल का?

धुळेकर७
सप्टेंबरातल्या एका रविवारी धुळ्याहून पाटणादेवीला जायचा बेत आहे. सोबत आई (वय ६२, गुडघे कुरकुरतात) आणि आठ वर्षांचा मुलगा. देवीचं दर्शन, केदारकुंड धबधबा आणि जमलंच तर पितळखोरा लेणी. निघायचं कधी, न्यायचं काय?

सातमाळा
पितळखोरा यातून काढा. देवळाकडून गेलात तर डोंगर चढावा लागतो, आणि गुडघे चढताना गप्प बसतात, बोलतात ते उतरताना. लेण्यांना वेगळ्या दिवशी कन्नडच्या बाजूने जा, गाडी बरीच जवळ जाते.

केदारकुंड जमेल. चाळीसगावहून पाटणादेवी साधारण १८ किलोमीटर. सकाळी आठ-साडेआठला देवळापाशी पोचा, दर्शन उरकून लगेच चाला. परतायची वेळ आधीच ठरवा, एक वाजता म्हणजे एक वाजता, मग धबधबा दिसो न दिसो. हे गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे, बिबट्या आहे, संध्याकाळी तिथे रेंगाळायचं नाही. नाक्यावर नोंद करताना ‘आज वाट चालू आहे का’ हेही विचारा. जोराचा पाऊस झाला असेल आणि वनखात्याचा माणूस नको म्हणाला, तर हुज्जत घालू नका.

रानवाट
बुटांचं बोलतो, कारण घसरून पडण्याचे निम्मे प्रकार तिथेच होतात. काळ्या दगडावर पाणी झिरपतं तिथे हिरवट-काळा शेवाळाचा थर धरतो. कोरडा दिसला तरी सावलीतला दगड ओलाच समजा. तळ झिजलेले स्पोर्ट शूज नकोत. खाचा शाबूत असलेले बूट किंवा टाचेला पट्टा असलेले सँडल चालतील. ओढ्यात बूट काढून अनवाणी उतरू नका. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या घासतात. आईंच्या हाती काठी द्या, छातीच्या खाली येईल एवढी.

पाणी माणशी दीड लिटर, पोराला एक. सप्टेंबरात ऊन पडलं की दरीत घामाच्या धारा लागतात, म्हणून ओआरएसची दोन पाकिटं ठेवा. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी, उत्तम! दुधात भिजवलेल्या दशम्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, म्हणून अत्तर नको, धूर तर अजिबात नको. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही.

धुळेकर७
आदल्या दिवशी चाळीसगावात पाऊस नसेल तर निर्धास्त जायचं ना?

सातमाळा
भो, इथेच लोक फसतात. पाटणादेवी डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि ओढ्यांना पाणी येतं ते वरच्या कन्नडच्या पठारावरून. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर ढग बरसला तर ते पाणी दरीतच उतरतं. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसाने कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांना पूर आला, तो याच उतारामुळे. तेव्हा अंदाज बघायचा कन्नडचा, चाळीसगावचा नाही.

ओढा ओलांडताना पाणी घोट्याच्या वर आणि ओढ घेणारं असेल तर मुलाला घेऊन उतरू नका. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, की लगेच उठायचं. बॅगा गोळा करत बसायचं नाही. जेवायला बसाल तेही परतीच्या काठावर, म्हणजे पाणी वाढलं तरी मधे ओढा येणार नाही.

आणि कुंडात पोहणं नकोच. धारेखाली पाणी घुसळतं, तळाचे दगड दिसत नाहीत. पोराला पाण्यात खेळायचंच असेल तर धबधब्यापासून लांब, उथळ जागी, तेही हात धरून.

रानवाट
मोबाइलला दरीत रेंज मिळेलच असं धरू नका. नकाशा धुळ्यातच उतरवून घ्या, आणि घरी परतीची वेळ सांगून ठेवा. वाट ओली आणि निसरडी असली तर आईंना देवळापाशीच थांबू द्या. आणखी एक मोठं माणूस सोबत नसेल, तर त्या दिवशी तुम्हीही पुढे जाऊ नका. नवरात्रात मात्र हा बेत करू नका, यात्रेच्या गर्दीत गाडी लावायलाच सकाळ जाईल.